स्वमग्नता आणि थकवा : इंद्रियांच्या बाजूने एक विचार

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

मराठीत ‘ऑटिझम’ या संज्ञेसाठी ‘स्वमग्नता’ हा शब्द आता बहुतेक ठिकाणी रूढ झालेला आहे. शब्द सुबक आहे आणि मूळ शब्दाशी प्रामाणिकही आहे. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ यावरून मूळ शब्द घडविला, तो स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील एका लक्षणासाठी. पुढे १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, १९४४ साली व्हिएन्नातील हान्स आस्पेर्गर यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून हा शब्द एका स्वतंत्र अवस्थेला चिकटला.

परंतु शब्द प्रामाणिक असला म्हणजे तो नेमका असतोच असे नाही. ‘स्वमग्न’ म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? आपल्यातच बुडालेला, आतून कडी लावून बसलेला, बाहेर काय चालले आहे याची गंधवार्ता नसलेला माणूस. माझे म्हणणे असे आहे की पुष्कळ स्वमग्न माणसांच्या बाबतीत वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट असते. त्यांच्या दाराला कडीच नसते. बाहेरचा आवाज, उजेड, वास, स्पर्श हे सारे न विचारता आत येत राहते आणि त्याला तोंड देता देता दिवस अर्ध्यावर येण्याआधीच माणूस थकून जातो. हा थकवा बाहेरून पाहणाऱ्यास आळस वाटतो, तुटकपणा वाटतो, कधी नखरे वाटतात. प्रस्तुत लेखात या थकव्याचाच विचार करावयाचा आहे.

स्वमग्न मुलांविषयी मराठीत थोडेफार लिहिले-बोलले जाते. पण ती मुले मोठी होतात, बसने प्रवास करतात, परीक्षांना बसतात, नोकरी शोधतात, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मी स्वतः स्वमग्न आहे. माझे निदान सतराव्या वर्षी झाले. म्हणून हा लेख अभ्यासाचा असला तरी तटस्थ नाही, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

कॅनर यांच्या त्या मूळ लेखात एक गोष्ट आहे, जिच्याकडे पुढे कित्येक वर्षे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. त्यांनी नोंदविले आहे की ही मुले मोठ्या आवाजांना आणि हलणाऱ्या वस्तूंना विलक्षण घाबरत. घर झाडण्याचे विजेचे यंत्र, लिफ्ट, गॅसची शेगडी, अंडी फेटण्याचे साधन, वाहते पाणी, इतकेच काय, कधी कधी नुसता वारादेखील त्यांना भयभीत करी. कॅनर यांनी याचा अर्थ असा लावला की मुलाला एकटे राहावयाचे आहे आणि आवाज त्या एकांतात घुसखोरी करतो, म्हणून त्याला भीती वाटते. म्हणजे पुरावा समोर होता, पण ‘स्वतःत बुडालेला’ ही कल्पना इतकी पक्की होती की पुराव्याचा अर्थही तिच्याच बाजूने लागला. इंद्रियांची अतिसंवेदनशीलता (किंवा काही बाबतींत उणी संवेदनशीलता) ही अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदान-पुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांत स्पष्टपणे आली ती २०१३ साली, पाचव्या आवृत्तीत. कॅनर यांच्या लेखानंतर तब्बल ७० वर्षांनी! आपल्याकडे मात्र सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने २००९ साली तयार केलेल्या भारतीय मापनश्रेणीत चाळीस बाबींचे सहा विभाग आहेत, आणि त्यांतला एक पूर्ण विभाग ज्ञानेंद्रियांचा आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र देताना हीच श्रेणी वापरतात. आपल्या लोकांनी ही गोष्ट अगोदर ओळखली, याचा मला थोडासा अभिमान वाटतो.

आता ‘कडी नसणे’ म्हणजे काय ते पाहू. घरात भिंतीवर घड्याळ टिकटिकत असते. पहिली दोन मिनिटे ते ऐकू येते, मग येईनासे होते. घड्याळ थांबलेले नसते. मेंदूने त्याला ‘नेहमीचे’ म्हणून बाजूस सारलेले असते. मानसशास्त्रात याला सरावणे म्हणतात. हे सरावणे ज्याचे नीट होत नाही त्याला घड्याळ दोन मिनिटांनीही ऐकू येते आणि दोन तासांनीही. २०१५ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शुलामिट ग्रीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वमग्न व इतर मुलांना रहदारीचा गोंगाट ऐकविला, हातावर खरखरीत लोकरी कापड घासले, आणि हे चालू असताना मेंदूचे चित्रण केले. इतर मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद हळूहळू मंदावत गेला. ज्या स्वमग्न मुलांची संवेदनशीलता तीव्र होती त्यांच्या मेंदूतील इंद्रियांशी निगडित भाग आणि ‘अमिग्डला’ हे धोक्याची सूचना देणारे केंद्र मात्र तसेच पेटत राहिले. रहदारी आणि लोकर! प्रयोगकर्त्यांना आमच्या रावेतची कल्पना असण्याचे कारण नाही, पण वर्णन वाचून मला आमचाच रस्ता आठवला.

रावेत हे पूर्वीचे पवनाकाठचे शेतीचे गाव. पिंपरी-चिंचवडला पिण्याचे पाणी ज्या बंधाऱ्यावरून उचलतात तो येथलाच. आज एका अंगाने मुंबई-बंगळूर महामार्ग, पलीकडे किवळ्याला द्रुतगती मार्गाचे तोंड, मधून बीआरटीचा रस्ता, आणि जिकडे पाहावे तिकडे उभे राहणारे टॉवर. सकाळी सहाला सिमेंट-काँक्रीटचे मिक्सर सुरू होतात. त्याच सुमारास चाकण-तळेगावकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या हॉर्न देत माणसे गोळा करतात. रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोची ती एकसुरी किंकाळी तर दिवसभर असते. रात्री महामार्गावरून अवजड गाड्या जातात. आमचे बिऱ्हाड गावठाणातल्या दोन खोल्यांचे आहे. खिडकी रस्त्यावरच उघडते.

ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम असे सांगतात की निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलपर्यंतच आवाज असावा. औद्योगिक भागात ही मर्यादा ७५ व ७० आहे, तर रुग्णालये, शाळा-महाविद्यालये व न्यायालये यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात ५० व ४०. डेसिबलचे गणित साधे वजाबाकीचे नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची शक्ती दहापट होते. तेव्हा निवासी आणि औद्योगिक मर्यादांतला २० चा फरक म्हणजे शंभरपटीचा फरक. रावेतसारख्या गावात नकाशावर वस्ती निवासी असते आणि कानावर मात्र कारखाना आदळतो. अर्थात हा त्रास सर्वांनाच आहे. फरक इतकाच की बाकीच्यांचे कान आठवड्याभरात सरावतात.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. त्रास केवळ आवाजाच्या मोठेपणाने होत नाही. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामास येते, तेव्हा टाळ-मृदंगाचा गजर काही कमी नसतो. पण तो मला सोसतो, आवडतोही. पुढचा ठोका कधी पडणार हे त्यात ठाऊक असते. ट्रकचा हॉर्न कधी वाजेल हे ठाऊक नसते. जे अपेक्षित आहे आणि जेथून आपल्या इच्छेने बाजूला होता येते ते सोसते. जे अचानक येते आणि जेथून सुटका नाही ते सोसत नाही. म्हणूनच “तुला पालखी चालते, मग वर्गातला गोंधळ का चालत नाही?” हा प्रश्न वरवर बिनतोड वाटला तरी तसा नाही.

आवाजाबद्दलच इतके लिहिले, पण बाकीची इंद्रियेही आहेत. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश आपल्या पन्नास आवर्तनांच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. बहुतेकांना ते दिसत नाही. काहींना ते डोळ्यांत टोचते, शिवाय चोक गुणगुणतो तो वेगळाच. गर्दीच्या बसमध्ये खांद्याला लागणारा खांदा, नव्या कपड्याच्या मानेवरची चिठ्ठी, साडी-दिनाला नेसलेल्या साडीची जर. आणि याच्या उलट, शरीराच्या आतून येणाऱ्या सूचना मात्र पुष्कळ स्वमग्न माणसांना उशिरा किंवा अंधुक कळतात. भूक लागली आहे, तहान लागली आहे, आपण थकलो आहोत, हे कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. बाहेरचा निरोप दहापट मोठ्याने आणि आतला निरोप कुजबुजत, अशी ही विचित्र व्यवस्था आहे.

२०१० साली आलेल्या ‘माय नेम इज खान’ या चित्रपटामुळे यातले काही लोकांना माहीत झाले. त्यातल्या रिझवान खानला पिवळा रंग आणि कर्कश आवाज सोसत नाहीत. चांगली गोष्ट आहे. पण पडद्यावरचा खान अमेरिकाभर हिंडतो आणि त्या हिंडण्याने तो किती थकत असेल याचा हिशेब कोणी दाखवीत नाही.

तो हिशेब असा. पहिला खर्च इंद्रियांचा, तो वर सांगितला. दुसरा खर्च लपविण्याचा. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावयाचे, पण टक लावावयाचे नाही. हसण्यासारखे काही आले की वेळेवर हसावयाचे. हात हलवावेसे वाटतात ते ओढणीखाली धरून ठेवावयाचे. जे इतरांना आपोआप जमते ते येथे एकेक आठवून करावे लागते. लंडनमधील लॉरा हल व सहकाऱ्यांनी २०१७ साली ९२ स्वमग्न प्रौढांना या लपविण्याविषयी विचारले, तेव्हा त्याचा परिणाम म्हणून थकव्याचा उल्लेख ठळकपणे आला. आपल्याकडच्या मुलींवर लहानपणापासून ‘नीट बस, हळू बोल, पाहुण्यांसमोर हस’ हे संस्कार असतातच, त्यामुळे आम्ही लपविण्यात अधिक तरबेज होतो आणि ओळखू उशिरा येतो, असे माझे मत आहे. तिसरा खर्च बदलाचा. तास रद्द झाला, बस दुसऱ्या मार्गाने गेली, घरी अचानक पाहुणे आले, की दिवसाची मनातली मांडणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

आता खरी अडचण येथून पुढे आहे. थकवा आला की इंद्रियांची सहनशक्ती आणखी कमी होते. सकाळी जो हॉर्न नुसता नकोसा वाटला तोच संध्याकाळी डोक्यात खिळा ठोकल्यासारखा वाटतो. आणि इंद्रिये अशी उघडी पडली की थकवा अधिक वाढतो. एक दुसऱ्याला ढकलतो, दुसरा पहिल्याला. साध्या थकव्यावर झोप हा उतारा आहे. या अतिथकव्यात झोपच येत नाही. अंग मोडून आलेले असते आणि मेंदू पहाऱ्यावर उभा. मग रात्री अडीचला शेजारच्या नळाचे ठिबकणे ऐकत पडावे लागते, आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवातच उधारीने होते.

ही उधारी महिनोनमहिने साचली म्हणजे जे होते त्याला अलीकडे ‘ऑटिस्टिक बर्नआउट’ म्हणतात. २०२० साली डोरा रेमेकर व सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्वमग्न प्रौढांशी बोलून याची लक्षणे मांडली. दीर्घकाळचा, साधारणपणे तीन महिने वा अधिक टिकणारा थकवा. पूर्वी येत असलेली कामे न येणे. आणि आवाज-उजेड वगैरे सोसण्याची ताकद घटणे. या मांडणीचे मला महत्त्व वाटते ते दुसऱ्या लक्षणामुळे. ‘काल तर येत होते, आज कसे येत नाही?’ हा आपल्या घरांतला नेहमीचा सवाल आहे. त्याचे उत्तर असे की खरोखरच येत नाही.

माझ्यापुरते सांगावयाचे तर बारावीच्या वर्षी माझे बोलणे जवळजवळ तीन आठवडे बंद झाले. शब्द मनात होते, तोंडापर्यंत येत नव्हते. कॉलेज, क्लास, घरकाम आणि वरच्या मजल्याचे चालू असलेले बांधकाम असे सगळे एकत्र आले होते. नात्यातल्या बायकांनी आईला सांगितले की बाहेरची बाधा आहे. लिंबू-मिरची, अंगारा, एका गुरुवारी देवऋषी, सर्व झाले. नंतर ओळखीच्या एका परिचारिकाबाईंनी पुण्यातल्या एका रुग्णालयात जाण्यास सांगितले. तेथे चार-पाच खेपांनंतर निदान झाले. आमच्या घरात दहावीपुढे शिकलेले कोणी नाही. आई कंपन्यांच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. रोज किती लाटते ते तिलाही सांगता येणार नाही. आप्पा चाकणला एका वर्कशॉपात वेल्डर आहेत. माझ्या जन्माआधी ते लातूर जिल्ह्यातून इकडे आले. अशा घरात “मी थकले” हे वाक्य उच्चारणे सोपे नसते. आई म्हणायची, “खुर्चीवर बसून पुस्तक वाचतीस, त्यात थकायसारखं काय हाय?” तिच्या बाजूने पाहता तिचे चुकत नव्हते. ज्या घरात सर्वच थकलेले असतात तेथे एकाच्या थकव्याला वेगळी जागा मागणे म्हणजे दुसऱ्याच्या वाट्यातून मागणे. शिक्षण थांबवून मला घरीच ठेवावे असेही तेव्हा बोलले गेले.

हा प्रश्न आप्पांना कोणत्याही डॉक्टरांपेक्षा वेल्डिंगच्या मशीनने अधिक समजावून दिला. प्रत्येक वेल्डिंग मशीनवर ‘ड्यूटी सायकल’ म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. ६० टक्के लिहिले असेल तर अर्थ असा की नेमून दिलेल्या करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग करावे आणि चार मिनिटे मशीन थंड होऊ द्यावे. करंट वाढविला की ही टक्केवारी उतरते. ऐकले नाही तर आतले संरक्षण मशीन बंद पाडते, आणि मग ते आपल्या वेळेनेच चालू होते. रुग्णालयातून परतताना मी त्यांना विचारले की आप्पा, माणसालाही असा आकडा असतो का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आकुर्डी स्टेशन आले तेव्हा म्हणाले, “मशीन ट्रिप झाल्यावर टॉर्चचं बटण कितीबी दाबलं तरी आर्क धरत न्हाई, पोरी. शिव्या देऊन बी धरत न्हाई.” त्यानंतर घरात शिक्षण थांबविण्याचा विषय निघाला नाही.

या दाखल्यातली एक गोष्ट मला शास्त्रीय दृष्ट्याही मोलाची वाटते. विश्रांती मशीन बंद पडल्यावर द्यावयाची नसते. ती कामाच्या मोजमापातच धरलेली असते. स्वमग्न माणसाला आतला निरोप उशिरा कळतो हे वर सांगितलेच आहे. म्हणून थकल्यासारखे वाटले की विसावा घेऊ, हा नियम आम्हाला निरुपयोगी आहे. आम्ही घड्याळाकडे पाहून विसावा घेतला पाहिजे, थकवा वाटो वा न वाटो. मी दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटे ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यावर डोळे मिटून बसते. मला काही झालेले नसते. डबा साडेबाराला खाते, भूक असो वा नसो. ज्या दिवशी स्नेहसंमेलनाची तालीम असते त्या दिवशी घरी कोणतेही दुसरे काम ठरवीत नाही, आणि त्याच्या पुढचा दिवसही शक्यतो मोकळा ठेवते.

साधनांविषयी थोडे. बाहेरच्या देशांत आवाज कमी करणारे महागडे हेडफोन सर्रास वापरतात. आमच्याकडे आप्पांनी कामावरून आणलेले फोमचे इअरप्लग आहेत. काही रुपयांना जोडी मिळते आणि बसपुरते ते उत्तम काम देतात. मात्र ते दिवसभर घालून ठेवू नयेत, असे कानांचे जाणकार सांगतात. सतत शांततेत राहिलेला कान पुढे लहान आवाजालाही दचकू लागतो. चष्म्याची पट्टी, टोपी, धुऊन मऊ झालेला सुती कुर्ता ही सर्व साधनेच आहेत, फक्त त्यांना कोणी साधने म्हणत नाही.

दाबाचा स्पर्श हा एक वेगळाच विषय आहे. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन स्वमग्न विदुषीने तरुणपणी आपल्या मावशीच्या गुरांच्या मळ्यावर पाहिले की गुरांना लस टोचताना दोन फळ्यांत दाबून धरले की ती शांत होतात. त्यावरून तिने स्वतःसाठी तसेच एक यंत्र बनविले. पुढे ती पशुविज्ञानाची प्राध्यापिका झाली. आजकाल यासाठी वजनदार पांघरुणे विकत मिळतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका चाचणीत असे आढळले की अशा पांघरुणाने स्वमग्न मुलांची झोप मोजमापात काही वाढली नाही. तरी मुलांना आणि पालकांना साध्या पांघरुणापेक्षा तेच अधिक पसंत पडले. माझ्या आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ अशीच जड आहे. झोप वाढते की नाही हे मी मोजलेले नाही, पण तिच्याखाली अंग आपल्या जागी आल्यासारखे वाटते. विज्ञानाने ‘झोप वाढत नाही’ म्हटले म्हणून मी ती टाकणार नाही, आणि ‘वाकळ घ्या, सर्व बरे होईल’ असेही कोणास सांगणार नाही.

घरातल्या वाटणीचे काय केले तेही सांगते, कारण बाहेरच्या पुस्तकांत हा भाग नसतो. रात्रीची भांडी माझ्याकडे होती. दिवसाच्या शेवटी स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट मला असह्य होई आणि भांडण ठरलेले असे. आता रात्रीची भांडी भिजत ठेवून मी ती पहाटे पाचला घासते, जेव्हा डोके ताजे असते आणि मिक्सर सुरू झालेले नसतात. काम तितकेच, वेळ बदलली. संध्याकाळी त्याऐवजी आईच्या पायाला तेल लावते. ते शांत काम आहे. आमच्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, आप्पाही घरी असतात, त्या दिवशी संध्याकाळी टीव्ही बंद ठेवण्याचे ठरले आहे. दोन गुरुवार पाळले गेले, तिसऱ्या गुरुवारी क्रिकेटचा सामना होता. चालायचेच.

बोलणे बंद होते अशा वेळेसाठी मी पर्समध्ये तीन चिठ्ठ्या ठेवते : ‘मी ठीक आहे, बोलता येत नाही’, ‘मला शांत जागी बसू द्या’, आणि घरचा फोन नंबर. पहिली चिठ्ठी आजवर दोनदा वापरली. एकदा बसच्या कंडक्टरने ती वाचून काही न बोलता मला दारापासून दूरची खिडकीची जागा करून दिली.

शेवटी महाविद्यालयाविषयी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. या कायद्यातील ‘वाजवी सोय’ ही कल्पना महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केले की ही सोय चाळीस टक्क्यांची अट पुरी करणाऱ्यांपुरती मर्यादित नाही. पण सोय म्हटले की आपल्याकडे उतार, लिफ्ट आणि लेखनिक एवढेच डोळ्यांपुढे येते. चोकची ट्यूब बदलून एलईडी लावणे, वर्गाचे वेळापत्रक बदलणार असेल तर आदल्या दिवशी फळ्यावर लिहिणे, ग्रंथालयात एक कोपरा खरोखर बोलण्यास बंद ठेवणे, या सोयींना खर्च फारसा नाही. आणि आदरणीय अध्यापकांना एक विनंती. जी मुलगी तुमच्याकडे न पाहता वहीकडे पाहते आहे ती कदाचित सर्वांत लक्षपूर्वक ऐकत असेल. पाहणे आणि ऐकणे ही दोन कामे एकाच वेळी तिला परवडत नसतील.

परीक्षेबाबत केंद्र सरकारने २०१८ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. त्यांत पात्र विद्यार्थ्यास दर तासामागे किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्याची तरतूद होती. अर्जासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि अर्ज परीक्षेच्या पुष्कळ आधी द्यावा लागतो. ज्यांना गरज असेल त्यांनी कार्यालयात आधीच चौकशी करावी. मागील सत्रात मला हा वेळ मंजूर झाला आणि जनरेटरपासून लांबची खोलीही मिळाली. तीन तासांच्या पेपरला एक तास जादा होता. त्यातली वीस मिनिटे मी लिहिण्यासाठी वापरली. उरलेली चाळीस मिनिटे दर प्रश्नानंतर थोडी थोडी करून, पेन खाली ठेवून, बाकावर डोके टेकून काढली. पर्यवेक्षक बाई पहिल्या खेपेस जवळ येऊन उभ्या राहिल्या, मग त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.